निकाल सांगू नका

कॉफीची सुट्टी झाली की एदिल्मा मुनेरा आधी मशीनचा प्लग काढायची, मग डाव्या हातातला लोखंडी जाळीचा मोजा उतरवायची आणि मगच कपाला हात लावायची. अठरा वर्षांत हा क्रम तिनं कधी मोडला नव्हता. इताग्वी शहरातल्या त्या जीन्सच्या कारखान्यात कापडाचे साठ-साठ थर एकावर एक अंथरून उभ्या पात्याच्या मशीननं एका दमात कापायचे, हे तिचं काम. त्या पात्याला कापड आणि बोट यांतला फरक कळत नाही, हे तिनं एकदा शेजारच्या टेबलावर डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्या मंगळवारी तिनं प्लग काढला, मोजा उतरवला, तेवढ्यात फोन वाजला.

"दोन्या एदिल्मा मुनेरा बोलताय का?" तरुण, गोड, पाठ केलेला आवाज, 'बाईसाहेब' अशा अर्थाचं 'दोन्या' लावून बोलणारा.

"हो. कोण?"

"सुप्रभात, दोन्या एदिल्मा! मी येसिका, 'सोबत चालू या' मदत कार्यक्रमातून. तुमच्या आरोग्य विमा कंपनीकडून तुमचं नाव आमच्याकडे आलंय. सगळ्यात आधी तुमचं मनापासून स्वागत!"

"स्वागत कशात?"

"तुमच्यासारखं निदान झालेल्या मंडळींसाठी आमच्याकडे संपूर्ण मोफत सोय आहे. घरी नर्स येते, स्मरणशक्तीचे व्यायाम करून घेते, घरच्यांना समजावून सांगते. शिवाय नवीन औषध बाजारात आलं की त्याची माहिती सगळ्यात आधी तुम्हाला..."

"पोरी, चुकीच्या नंबरावर आलीस तू."

"मी खात्री करून घेते हं." पलीकडे कळफलकाचा कटकट आवाज झाला. येसिकानं तिची जन्मतारीख सांगितली. ओळखपत्राचे शेवटचे चार आकडे सांगितले. आईचं नाव, लिखिया, तेही सांगितलं. "आणि रक्ताची तपासणी चार वर्षांपूर्वी, एप्रिलमध्ये. बरोबर?"

एदिल्मानं कप टेबलावर ठेवला. "कुठलं निदान?"

येसिकानं बातम्या वाचाव्यात तसं वाचून दाखवलं, "घराण्यातून येणारा, कमी वयात सुरू होणारा स्मृतिभ्रंश."

"मला असं कुणीही सांगितलेलं नाही."

पलीकडची कळफलकाची कटकट थांबली. मग आवाज आला तो अगदीच वेगळा होता, पाठ केलेला नव्हता. "बाई... मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. इथे स्क्रीनवर तर..."

"पुढे एक शब्द बोलू नकोस!" एदिल्मा एवढ्या जोरात ओरडली की शिलाईच्या रांगेतल्या बायकांनी माना वळवल्या. तिनं फोन बंद केला आणि खिशात कोंबला. मग तो खिशात आहे ना, हे हातानं दोनदा चाचपून पाहिलं.

एदिल्माचं गाव मेदेयीन शहराच्या उत्तरेला, डोंगरात. तिथे काही घरांमध्ये माणसं चाळिशी उलटली की खुळावतात, असं म्हणायची पद्धत होती. एदिल्माचे आजोबा सेहेचाळिसाव्या वर्षी गायीचं दूध काढायला गोठ्यात गेले आणि बादली कशासाठी आणली ते त्यांना आठवेना. दोन मावश्या तशाच गेल्या. आई, दोन्या लिखिया, चव्वेचाळिसाव्या वर्षी आठवड्यातून तीनदा त्याच चर्चमध्ये त्याच पापाची कबुली देऊन येऊ लागली. आता ती सत्तावन्नची होती, गावातच थोरल्या मावसबहिणीकडे असायची आणि कुणालाच ओळखत नव्हती. शहरातून डॉक्टर आले, त्यांनी घराघरांतून रक्त नेलं आणि शेवटी सांगितलं की हे कुणाच्या शापानं होत नाही, रक्तातूनच येतं. आईबापांपैकी एकाला असेल तर मुलाला असण्याची शक्यता निम्मी.

एदिल्मा अडतीसची. तिचा धाकटा भाऊ दायरो एकतीसचा.

चार वर्षांपूर्वी एदिल्माचं लग्न ठरत होतं. ज्याच्याशी ठरत होतं त्याला मुलं हवी होती, आणि त्याआधी खात्रीही हवी होती. तिनं विमा कंपनीच्या दवाखान्यात जाऊन रक्त दिलं. निकाल यायच्या आठवड्यात तिला कळून चुकलं, की तो कागद हातात आला की पुढचा प्रत्येक दिवस ती त्या कागदाच्या मागे चालणार. डॉक्टर ग्रासिएला पाबोन यांच्याकडे जाऊन ती म्हणाली, "मला नको. तुमच्याकडेच बंद राहू द्या." तो माणूस सोडून गेला. एदिल्मानं त्याच्या नावानं महिनाभर रडून घेतलं, पण कागदाच्या बाबतीत तिला एकदाही पश्चात्ताप झाला नाही. माहीत नसणं हे तिनं स्वतः निवडलं होतं. त्या माहीत नसण्यात तिनं घर घेतलं, कारखान्यात कापणीच्या टेबलाची मुख्य झाली, रविवारी नाचायला गेली.

आणि आता येसिका नावाच्या पोरीनं, जिला तिनं कधी पाहिलं नव्हतं, दहा मिनिटांच्या सुट्टीत ते सगळं उधळून टाकलं होतं. उधळलं होतं का? तेही कळायला मार्ग नव्हता. 'तुमच्यासारखं निदान' म्हणजे काय? यादीत नाव आलं ते निकाल वाचून, की नुसती तपासणी केली म्हणून? हे विचारायचं तर मूळ प्रश्नच विचारल्यासारखं होत होतं.

सुट्टीनंतर तिनं साठ थर कापले. तिच्यासोबत कापड अंथरणारी नोरेली बंडलं बांधायला लागली आणि थांबली.

"एदिल्मा, खाचा कुठायत?"

शिवणाऱ्या बायकांना जोड कुठे बसवायचा ते कळावं म्हणून प्रत्येक तुकड्याच्या कडेला छोट्या खाचा पाडायच्या असतात. एदिल्मानं साठच्या साठ थरांना एकही खाच पाडली नव्हती.

"प्रेमात पडलीस वाटतं कुणाच्या," नोरेली हसली. "आण इकडे, दोघी मिळून पाडू. अगं, एवढी पांढरी काय पडलीस? मी गेल्या महिन्यात अख्खी मागची बाजू उलटी कापली होती. मला कुणी स्मशानात नेलं का?"

एदिल्मा हसली नाही. आईही आधी असंच काहीतरी विसरली होती. मिठाचा डबा.

त्या दिवसापासून ती स्वतःवरच पाळत ठेवू लागली. बसमध्ये ती थांब्यांची नावं उलटी म्हणायची. सकाळी मक्याच्या पिठाचा अरेपा तव्यावर टाकला की गॅस कितीला लावला ते कागदावर लिहायची आणि संध्याकाळी तो कागद वाचून स्वतःला विचारायची, हे आठवत होतं का? शाळेतल्या बाईंचं आडनाव एक दिवस आठवेना, तर दुपारभर तिला दुसरं काही सुचलं नाही. संध्याकाळी ते आठवलं तेव्हा ती रस्त्यातच मोठ्यानं बोलली, "रेस्त्रेपो!" शेजारून जाणारा माणूस दचकला.

आणि दायरोसुद्धा विचित्र वागत होता.

दायरो वरच्या मजल्यावर राहायचा आणि मेट्रोला जोडणारी बस चालवायचा. आजवर त्याचा रिवाज असा, की भूक लागली की खाली यायचं, भांडं पुसून खायचं आणि जायचं. पण गेले काही दिवस तो काहीही कारण काढून यायचा. गॅसची कळ बंद आहे का ते बघायचा. किल्ली कुठे ठेवतेस, असं विचारायचा. "फ्लाका, गेल्या रविवारी आपण काय खाल्लं गं?" असं हसत हसत विचारायचा आणि उत्तर येईपर्यंत श्वास रोखून धरायचा. फ्लाका म्हणजे हडकुळी. तो तिला लहानपणापासून हेच म्हणायचा, अगदी ती जाड झाल्यावरही.

शनिवारी दुपारी एदिल्मानं राजमा आणि भात केला, त्याच्या ताटात पिकलेल्या केळ्याचे तळलेले काप वाढले आणि समोर बसली.

"आता बोल."

"काय बोल?"

"दायरो, तुझा चेहरा म्हणजे दुकानाची काच आहे. आत काय मांडलंय ते सगळ्या गल्लीला दिसतं. माझा गॅस का बघतोस?"

त्यानं चमचा खाली ठेवला. "तू मला सांगितलं नाहीस, म्हणून मीही काही बोललो नाही. मला वाटलं, तुला वाटेल तेव्हा सांगशील."

"काय सांगायचं?"

"त्यांचा फोन आला होता मला. दोन आठवडे होतील. त्या कार्यक्रमवाल्या बाईचा."

एदिल्मा उठून उभी राहिली. तिला फोन आला त्याच्याही आधी! "तुझा नंबर त्यांना कसा मिळाला?"

"विम्याच्या फॉर्मवर तूच लिहिला होतास ना, अडचणीत कुणाला कळवायचं म्हणून? ती म्हणाली, तुमच्या बहिणीची काळजी तुम्हीच घेणार का? घरच्यांसाठी पुस्तिका पाठवते म्हणाली. चपला आणि किल्ल्या हरवू नयेत म्हणून काय काय करायचं ते त्यात..." त्याचा आवाज फुटला. "मी बस थांब्याला लावली आणि दहा मिनिटं स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसलो, फ्लाका. मागून लोक शिव्या घालत होते."

"तिनं निकाल सांगितला का तुला?"

"ती म्हणाली की..."

एदिल्मानं टेबलावरून झेप घेऊन त्याच्या तोंडावर हात दाबला. भाताचं ताट जमिनीवर गेलं. दोघं तसेच राहिले. 

"मान हलव फक्त," ती म्हणाली. "निकाल, असा शब्द तिनं उच्चारला का? हो किंवा नाही. दुसरं काही नको."

दायरोनं बराच वेळ आठवून पाहिलं. मग नकारार्थी मान हलवली. तिनं हात काढला.

"पेशंट म्हणाली," तो म्हणाला. "तुमची पेशंट बहीण. मी बाकीचं गृहीत धरलं."

दोघांनी मिळून जमिनीवरचा भात गोळा केला. गोळा करता करता दायरो म्हणाला, "आणि मी काय विचार करत होतो माहीत आहे? तुला असेल तर कदाचित मला नसेल. जणू एकच आहे आणि ते दोघांत वाटायचंय. असलं बेशरम डोकं आहे माझं."

"मीही तसाच विचार केलाय," एदिल्मा म्हणाली. "तुझ्याबद्दल. कितीतरी वेळा."

सोमवारी तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि डॉक्टर पाबोनकडे गेली. डॉक्टरांनी सगळं ऐकलं आणि रागानं त्यांच्या गळ्यावर लाल चट्टे उठले. त्यांनी कपाट उघडलं, एक खाकी पाकीट काढून टेबलावर ठेवलं. पाकिटावर सही आणि चिकटपट्टी चार वर्षांपूर्वी लावली होती तशीच होती. एदिल्मानं नजर दुसरीकडे वळवली.

"इकडे बघ," डॉक्टर म्हणाल्या. "मी हे उघडलेलं नाही. माझ्या चेहऱ्यावर काही शोधू नकोस, तिथे तुला काहीच सापडणार नाही."

"मग माझं नाव गेलं कसं?"

"तपासणीचं बिल विमा कंपनीनं भरलं. बिलावर तपासणीचा क्रमांक असतो, तो क्रमांक बघितला की कसली तपासणी ते कळतं. प्रयोगशाळा कधी कधी अहवालाची प्रतसुद्धा परस्पर पाठवते. पाठवू नये, पण पाठवते. तुझी पाठवली की नाही, मला माहीत नाही." त्यांनी पाकीट परत कपाटात ठेवून कुलूप लावलं. "तू म्हणालीस तर आत्ता उघडू. पंधरा मिनिटांत सगळा गोंधळ संपेल."

एदिल्मा क्षणभर खरंच विचारात पडली. कुलपाकडे बघत तिनं खुर्चीचे हात घट्ट धरले.

"नाही," ती म्हणाली. "उघडायचं की नाही ते मी ठरवलं होतं. आता कुणा तरी कंपनीनं ढकललं म्हणून मी उघडणार नाही. त्यांनी काय केलं ते आधी मला कळलं पाहिजे."

नागरिकांच्या तक्रारी लिहून देणारं नगरपालिकेचं कार्यालय बाजाराच्या मागे होतं. तिथे एव्हेलिओ ओसोर्नो बसायचे; बाईला जसं 'दोन्या', तसं पुरुषाला मानानं 'दोन' म्हणतात, म्हणून सगळ्यांसाठी ते 'दोन एव्हेलिओ'. साठीचे, शर्टाच्या खिशात तीन पेनं, समोर काळ्या कॉफीचा पेला. औषध नाकारलं, शस्त्रक्रिया पुढे ढकलली, असल्या तक्रारी ते झोपेतही लिहू शकले असते. एदिल्माची तक्रार ऐकून मात्र त्यांनी चष्मा काढला.

"म्हणजे तुमची माहिती कुणाकुणाला दिली, कधी दिली, कुठल्या आधारावर दिली, हे सगळं त्यांनी सांगायचं. पण माहितीत काय आहे ते सांगायचं नाही."

"निकाल सांगायचा नाही. बाकी सगळं सांगायचं."

"दोन्या एदिल्मा, बावीस वर्षं मी इथे बसतोय. 'मला सांगा, मला सांगा' म्हणून भांडणारी माणसं मी हजारोंनी पाहिली. 'मला सांगू नका' असा अर्ज आज पहिल्यांदा लिहितोय." त्यांनी चष्मा चढवला. "लिहू या. आणि उत्तर माझ्या पत्त्यावर मागवू. तुमच्या घरी पाकीट आलं आणि पहिल्याच ओळीत सगळं असलं तर?"

दहा कामकाजी दिवसांची मुदत होती. नवव्या दिवशी उत्तर आलं. चार ओळी. सभासदानं नावनोंदणीच्या वेळी अटी मान्य करून सही केली आहे, अट क्रमांक चौदानुसार 'सेवेच्या दर्जासाठी' सहयोगी संस्थांना माहिती देण्याचा कंपनीला अधिकार आहे, आपल्या विश्वासाबद्दल आभार. खाली कुणाचंही नाव नाही, फक्त शिक्का.

"आभार मानतायत!" दायरो उसळला. तो हल्ली प्रत्येक वेळी बरोबर यायचा. "ह्यांच्या मालकाच्या आईला फोन करून मी निदान सांगू का, दोन एव्हेलिओ?"

"तू बस चालव," दोन एव्हेलिओ म्हणाले. "आता कोर्ट."

आपल्या मूलभूत हक्कावर गदा आली तर कुणालाही वकिलाशिवाय थेट न्यायाधीशाकडे जाता येतं आणि न्यायाधीशाला दहा दिवसांत निकाल द्यावा लागतो. त्या अर्जाला तिकडे सगळे 'तुतेला' म्हणतात, आणि ज्याच्या घरात एकदाही तुतेला झाली नाही असं घर शोधावं लागेल. एदिल्मानं अर्जात एक परिच्छेद स्वतःच्या हातानं लिहिला. दोन एव्हेलिओंनी त्यातलं शुद्धलेखनसुद्धा बदललं नाही. तिनं लिहिलं होतं: 'माझ्या आईला काय झालं ते मी पाहिलं आहे, त्यामुळे मला काय होऊ शकतं ते मला माहीत आहे. ते होणार की नाही हे न विचारता जगायचं मी ठरवलं होतं. हे ठरवणं माझं होतं. माझ्या भावाला त्यांनी रस्त्यात बस थांबवायला लावली. मी कामावर पात्यासमोर उभी राहते आणि माझे हात माझेच आहेत का असा मला प्रश्न पडतो. त्यांनी माझी माहिती दिली नाही, माझी झोप दिली.'

निकालाची वाट बघण्याचे ते दिवस वाईट गेले. कारखान्यात तिनं मालकिणीला सांगून पात्यावरचं काम नोरेलीकडे दिलं आणि स्वतः कापड अंथरू लागली. "पाठ दुखतेय," एवढंच सांगितलं. नोरेलीनं काही विचारलं नाही, पण एकदा तिच्या हातातून कापडाचं टोक घेताना पुटपुटली, "पाठ बरी झाली की जागा तुझीच आहे. मला काही हे पातं आवडत नाही."

न्यायाधीशबाईंनी नवव्या दिवशी निकाल दिला. चौदा नंबरच्या अटीत कसली माहिती, कुणाला, कशासाठी, यातलं काहीच लिहिलेलं नाही, अशा सहीला संमती म्हणत नाहीत, असं त्यांनी बजावलं. कंपनीनं अठ्ठेचाळीस तासांत संपूर्ण उत्तर द्यावं. आणि अर्जदाराला तपासणीचा निष्कर्ष कुठल्याही रूपात कळवू नये, हे त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं होतं.

गुरुवारी सकाळी अकरा वाजता पाकीट आलं. जाडजूड, एकवीस पानांचं. एदिल्मा आणि दायरो टेबलाच्या अलीकडे बसले, दोन एव्हेलिओ पलीकडे. ठरल्याप्रमाणे आधी ते एकटेच वाचणार होते.

त्यांनी पहिलं पान वाचलं, उलटं घातलं. दुसरं वाचलं. बाहेर कुणीतरी आंबे विकत होता, त्याच्या भोंग्याचा आवाज येत होता. तिसऱ्या पानावर ते थांबले आणि पुन्हा वरपासून वाचू लागले. एदिल्माची नजर त्यांच्या भुवयांवर होती. तिला नजर काढता येईना. सहाव्या पानावर रकाने होते, ते तिला कागदाच्या मागूनही दिसले. दोन एव्हेलिओंनी पटकन त्यावर पंजा ठेवला आणि बोटं एकेक करून सरकवत वाचू लागले. दायरोनं तिचा हात धरला. कुणाचा हात ओला होता ते कळत नव्हतं.

"उठून जाऊ का आम्ही?" दायरो कुजबुजला.

"बस."

दोन एव्हेलिओंनी पंजा उचलला. चष्मा कपाळावर सरकवला. "दोन्या एदिल्मा, मी आता जे सांगणार आहे त्यात निकाल नाही. माझ्या मुलीची शपथ. ऐकायचंय?"

"सांगा."

"चारशे बारा लोकांची यादी आहे. तिचं शीर्षक त्यांनी 'निदान झालेले सभासद' असं ठेवलंय, पण यादी काढली कशी तेही इथे लिहावं लागलंय त्यांना, न्यायाधीशबाईंच्या कृपेनं. ज्यांच्या ज्यांच्या नावावर त्या तपासणीचं बिल आलं ते सगळे. निकाल काहीही असो. निकालाचा रकानाच नाही. प्रयोगशाळेनं त्यांना बिलाशिवाय काही पाठवलेलं नाही, तसं प्रयोगशाळेचं पत्र पान अकराला जोडलंय. त्या पोरीच्या स्क्रीनवर 'निदान' असं दिसत होतं, कारण कुणीतरी आळशी माणसानं यादीला तसं नाव दिलं."



"म्हणजे त्यांना माहीत नाही," एदिल्मा म्हणाली.

"त्यांना काही म्हणजे काही माहीत नाही."

"मग मला?"

"तुम्हालाही नाही. तुम्ही त्या मंगळवारी सकाळी जिथे होतात तिथेच आहात."

दायरो टेबलावर डोकं ठेवून हुंदके देऊ लागला, लहान पोरासारखा, खांदे हलवत. एदिल्मानं त्याच्या केसांतून हात फिरवला. तिला स्वतःला रडू येत नव्हतं. तिला हलकं वाटत होतं, पण त्याबरोबरच तिला हेही कळत होतं की दोन एव्हेलिओ म्हणतात ते पुरतं खरं नाही. ती तिथेच नव्हती. मधले सहा आठवडे तिनं ते आजारपण अंगावर घालून पाहिलं होतं, आणि ते अंगाला नेमकं कसं बसतं ते आता तिला ठाऊक होतं.

"आणखी कुणाकुणाला दिली ही यादी?" तिनं विचारलं.

यादी पाच ठिकाणी गेली होती. औषध बनवणाऱ्यांचा तो मदत कार्यक्रम, दोन औषध दुकानांच्या साखळ्या, फोन करणारी एक संस्था आणि 'जोखीम विश्लेषण' करणारी एक कंपनी, जिचा पत्ता दुसऱ्याच देशातला होता. पहिल्या तिघांनी यादी पुसल्याचं लेखी दिलं होतं. उरलेल्या दोघांकडून उत्तर नव्हतं.

सोमवारी ती पात्यासमोर उभी राहिली. पहिल्या थप्पीला हात कापला नाही, दुसरीला कापला नाही, दुपारपर्यंत ती विसरूनच गेली की घाबरायचं होतं. दायरोनं त्याच आठवड्यात तिला सांगितलं की तो रक्त देणार आहे. "मला तुझ्यासारखं जमत नाही, फ्लाका. मला कळलंच पाहिजे. पण मला कळलं की तुलाही माझ्या तोंडावरून कळेल. दुकानाची काच."

"तुझा निकाल तुझा," ती म्हणाली. "माझ्यासाठी थांबू नकोस, आणि माझ्यासाठी घाईही करू नकोस. तू निकाल घ्यायला जाशील तेव्हा मी बाहेर बाकावर बसेन. बाहेर आलास की तुला वाटलं तर बोल, नाहीतर आपण सरळ आईकडे जाऊ."

त्यानं रक्त दिलं, आणि निकालाच्या दिवशी तो आत गेला तेव्हा ती बाकावर बसली. बाहेर आल्यावर तो काही बोलला नाही, फक्त गावच्या बसची दोन तिकिटं काढली. पाच तास डोंगर चढताना त्यानं तिला त्याच्या बसमधल्या प्रवाशांच्या नकला करून दाखवल्या. ती पोट धरून हसली आणि तिनं त्याला काहीच विचारलं नाही.

पुढच्या महिन्यात दोन एव्हेलिओंचा फोन आला. न्यायाधीशबाईंच्या नव्या आदेशानुसार विमा कंपनीला यादीतल्या बाकी चारशे अकरा जणांना पत्र पाठवून झाला प्रकार कळवावा लागणार होता. कंपनीनं मसुदा तपासायला त्यांच्याकडे पाठवला होता आणि तो त्यांना पटत नव्हता. येता का?

एदिल्मा संध्याकाळी कामावरून परस्पर गेली. मसुद्याची पहिली ओळ होती: 'आपल्या आनुवंशिक स्मृतिभ्रंशासंबंधीची माहिती अनवधानाने...'

"मेलं हे पत्र!" ती म्हणाली. "माझ्या मावशीचा मुलगा असेल या यादीत. त्यानं हे उघडलं तर त्याला काय वाटेल? पुन्हा तेच करतायत हे."

"म्हणूनच बोलावलं. तुम्ही सांगा, मी टाइप करतो."

तिनं खुर्ची ओढून घेतली. गावातल्या, शहरातल्या चारशे अकरा माणसांचा विचार केला. कुणाला निकाल माहीत असेल, कुणी पाकीट कपाटात ठेवलं असेल, कुणी रक्त दिल्याचं बायकोलाही सांगितलं नसेल. पत्र कुणीही उघडू शकतं. आजाराचं नाव पत्रात कुठेच यायला नको. 'पेशंट' हा शब्द नको. आभार तर मुळीच नकोत.

"लिहा," ती म्हणाली. "'तुम्ही केलेल्या एका तपासणीच्या बिलावरून तुमचं नाव एका यादीत गेलं. ते जायला नको होतं. या यादीत नाव असण्याचा तुमच्या तपासणीच्या निकालाशी काहीही संबंध नाही.' हे शेवटचं वाक्य वेगळ्या ओळीवर घ्या. ठळक करा."

दोन एव्हेलिओंनी ठळक केलं. "पुढे?"

"'तुम्हाला कुणाचा फोन आला तर उत्तर देऊ नका, या नंबरावर कळवा.' आणि तुमचा नंबर द्या, त्यांचा नको."

"माझा फोन दिवसभर वाजेल, बाई."

"वाजू दे. आणि ते दोघे, ज्यांचं उत्तर आलं नाही?"

"परदेशातल्या कंपनीचं अजून काही नाही. फोनवाल्यांना मी परवा तिसरं स्मरणपत्र टाकलं."

"चौथं कधी टाकायचं?"

"शुक्रवारी."

"मी शुक्रवारी येते," एदिल्मा म्हणाली, आणि पडद्यावरचा मजकूर पहिल्या ओळीपासून पुन्हा मोठ्यानं वाचू लागली.